त्याला कुठे काय झालं?

गेले काही महिने एक वाक्य माझ्या कानाशी डासासारखं गुणगुणतंय. "त्याला कुठे काय झालं?" तंबाखू मळणारे हे म्हणतात, हेल्मेट हँडलला अडकवून फिरणारे म्हणतात, आणि आता आमच्याच घरातला एक तरुण मुलगा म्हणायला लागलाय. विषय आहे जिममध्ये अंग कमावायला घेतात त्या स्टेरॉईडचा.

पंच्याहत्तरीच्या बाईने, तीही मराठी घेऊन बी.ए. झालेली, या विषयावर लिहावं याची माझ्या मुलाला भारी गंमत वाटली. "आई, तू आता अ‍ॅनाबॉलिकवर लिहिणार?" वाटू दे गंमत. निवृत्तीनंतर वाचायला वेळ भरपूर आहे, भाची औषधनिर्माणशास्त्र शिकवते, तिला रात्री साडेनऊला फोन करून छळता येतं. आणि छत्तीस वर्षं शाळेत काढल्यावर एक गोष्ट कळते, की मुलं चुकीचं उत्तर देतात तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे काहीतरी तर्क असतो. तो तर्क सापडला नाही तर नुसतं लाल पेनाने फुली मारून उपयोग नाही.

आधी एक घोळ निस्तरते, कारण आमच्या नात्यातच तो आहे. दम्याच्या पंपात असतं ते स्टेरॉईड, कोविडमध्ये २०२० साली ज्याने गंभीर रुग्णांचे जीव वाचवले ते डेक्सामेथासोनही स्टेरॉईड, आणि जिममधलं तेही स्टेरॉईड. नाव एक, घराणं एक, कामं निराळी. आमच्या एका वहिनींनी "स्टेरॉईड वाईट" एवढंच ऐकून पंप घेणं बंद केलं आणि महिनाभर धापा टाकत बसल्या. तेव्हा कृपा करून पंप सोडू नका. मी बोलतेय ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या घरातल्या औषधांबद्दल.

हे टेस्टोस्टेरॉन १९३५ साली प्रयोगशाळेत तयार झालं. ते बनवणाऱ्या बुटेनांट आणि रुझिका यांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याच सांगाड्याला इथे एक तुकडा जोड, तिथला एक काढ, असं करून डझनावारी भावंडं तयार केली. सांगाडा म्हणजे चार कडी, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी. भाचीने कागदावर काढून दाखवली, आणि मला एकदम शुद्धलेखनाचा तास आठवला. शिर आणि शीर! ऱ्हस्व लिहिलं तर डोकं, दीर्घ लिहिलं तर रक्तवाहिनी. दिन आणि दीन. एका वेलांटीचा फरक. मुलं म्हणायची, "बाई, कळतं ना वाचणाऱ्याला, मग काय बिघडलं?" तर बिघडतं.

बघा कसं ते. टेस्टोस्टेरॉनच्या पहिल्या कड्यात एका जागी एकेरी बंधाच्या ऐवजी दुहेरी बंध आला की ते होतं बोल्डेनोन. हे मुख्यतः जनावरांचं, घोड्यांचं औषध म्हणून ओळखलं जातं. त्याच बोल्डेनोनच्या सतराव्या कार्बनवर एक मिथाईल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढासा ठिपका, चिकटवला की ते होतं मेथँडिएनोन, जिमच्या भाषेत डी-बॉल. आता हा ठिपका कशासाठी? गोळी गिळली की आतड्यातून ती आधी यकृताकडे जाते, आणि यकृत टेस्टोस्टेरॉनचा तिथेच फडशा पाडतं. मिथाईल चिकटलेला असला की यकृताला ते सहज मोडता येत नाही, म्हणून गोळी लागू पडते. पण न मोडणाऱ्या त्या वस्तूचा ताण त्याच यकृतावर पडतो. पित्त तुंबतं, कावीळ होते, क्वचित गाठीही. आणि रक्तातलं चांगलं कोलेस्टेरॉल, एच.डी.एल., अशा गोळ्यांनी धाडकन खाली येतं. याशिवाय शरीर यातल्या काही भागाचं रूपांतर स्त्री-संप्रेरकात करतं, आणि मिथाईलसकट जे बनतं ते चांगलंच जोरकस असतं. अंगात पाणी धरतं, मुलांच्या छातीला गाठी येतात. भाऊ-भाऊ म्हणवणाऱ्या दोन रेणूंमध्ये एवढा फरक.

दुसरं उदाहरण तर मला एखाद्या कोड्यासारखं वाटलं. नँड्रोलोन म्हणजे टेस्टोस्टेरॉनमधला एकोणिसावा कार्बन काढून टाकलेला. डोक्याच्या त्वचेत एक विकर असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर आणखी जोरकस पदार्थात करतं, त्यामुळे ज्यांच्या रक्तात टक्कल आहे त्यांचे केस गळतात. नँड्रोलोनच्या बाबतीत तेच विकर उलटं काम करतं, त्याला आणखी सौम्य करून टाकतं. मग केस वाचवायला म्हणून त्या विकराला अडवणारी फिनास्टेराईडची गोळी घेतली तर? टेस्टोस्टेरॉनसोबत ती केस राखेल. नँड्रोलोनसोबत मात्र सौम्य होण्याची वाटच बंद होईल. आणि जिममध्ये ही गोळी कोण सांगतं? ज्याने काउंटरवर वर्षाची फी घेतली तो.

इथवर झालं औषधांचं. पण शब्द एकच असला तरी वाचणारा निराळा असतो, आणि मला खरं बोलायचंय ते वाचणाऱ्याबद्दल.

स्पेनच्या मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो या अडथळा शर्यतीच्या धावपटू. १९८५ साली जपानमध्ये कोबे इथे विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत त्यांची तपासणी झाली आणि गुणसूत्रं पुरुषाची निघाली. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषाइतकं होतं. पण त्या हार्मोनची हाक ऐकणारा जो ग्राहक पेशीत असतो तोच काम करत नव्हता. म्हणजे टेस्टोस्टेरॉन असून नसल्यासारखं! जन्मापासून बाई म्हणून वाढलेल्या, बाईच असलेल्या या मुलीचं नाव वर्तमानपत्रात आलं, पदकं गेली, शिष्यवृत्ती गेली, ठरलेलं लग्न मोडलं. १९८८ मध्ये त्यांना पुन्हा धावायची परवानगी मिळाली. हे टोक झालं. पण या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपण सगळे कुठे ना कुठे उभे आहोत, आणि कपाळावर कुणाच्या आकडा लिहिलेला नाही.

अमेरिकेत हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मी दोनदा वाचून घेतला, एकदा भाचीकडून आणि एकदा स्वतः शब्दकोश घेऊन. ५० पुरुषांना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली, आठवड्याला ६०० मिलिग्रॅमपर्यंत, मध्ये काही आठवडे नुसतीच खोटी. कुणालाच माहीत नाही कधी कुठली. त्यातल्या ४२ जणांच्या मनःस्थितीत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. ६ जण थोडेसे उधळले. आणि २ जण चांगलेच बिथरले. आता माझ्या दृष्टीने महत्त्वाचं पुढेच आहे. या आठ जणांत आणि बाकीच्या बेचाळीस जणांत आधीच्या तपासण्यांत फरक सापडला नाही. वय, स्वभाव, रक्ताचे अहवाल, सगळं सारखंच. म्हणजे इंजेक्शन घेण्याआधी कुणी सांगू शकलं नसतं की यातले ते दोघे कोण.

म्हणून जिममधला पोरगा जेव्हा म्हणतो की माझ्या पाच मित्रांनी घेतलं, पाचही ठणठणीत आहेत, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पन्नासातल्या बेचाळिसांमधले पाच भेटणं अगदी सोपं आहे.

आणि इथेच आपण मोठी माणसं गडबड करतो असं माझं स्पष्ट मत आहे. आपण काय सांगतो? "घेतलंस की मेलास." "मूल होणार नाही." "वेड लागतं." मुलगा आजूबाजूला बघतो, तर कुणी मेलेलं नाही, जिमच्या मालकाला दोन मुलं आहेत, वेडं कुणी दिसत नाही. झालं, आपली विश्वासार्हता संपली. त्यानंतर आपण खरं सांगितलं तरी तो ऐकणार नाही. बाहेर "त्याला काही झालं नाही" म्हणणारा पोरगा आणि घरात "अमक्याचा मुलगा दगावला" म्हणणारे काका, दोघांचा तर्क एकच आहे हो! एकाच माणसावरून सगळ्यांचं ठरवायचं.

लघवीच्या तपासणीचंही तसंच. यू.जी.टी.२बी१७ नावाचं एक जनुक टेस्टोस्टेरॉनला लघवीवाटे बाहेर पाठवायला मदत करतं. काहींमध्ये ते मुळातच नसतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की त्यांनी तपासलेल्या कोरियन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांमध्ये ते नव्हतं, स्वीडिश पुरुषांत मात्र दहातल्या जेमतेम एकात. २००८ मध्ये त्यांनी ५५ जणांना ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन देऊन पाहिलं. ज्यांच्यात हे जनुक नव्हतं त्यांतले ४० टक्के लोक तेव्हाच्या चाचणीच्या मर्यादेपर्यंत पोचलेच नाहीत. औषध घेतलं, आणि पेपर कोरा! आता खेळाडूंची नोंद वर्षानुवर्षं ठेवून स्वतःच्याच आधीच्या आकड्यांशी ताडून बघतात, ते यासाठीही बरं. माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची, हे आम्ही शिक्षक प्रगतीपुस्तकात करायला हवं होतं खरं तर. असो, तो निराळा विषय.

तर आमच्या घरातला मुलगा. माझ्या थोरल्या भावाचा नातू, वय बावीस, कराडला असतो, जिल्ह्याच्या "श्री" स्पर्धेत उतरायचं म्हणतो. मला आत्याआजी म्हणतो. गौरींच्या जेवणाला आला तेव्हा पुरणपोळीला हात लावेना, डब्यातनं उकडलेलं चिकन काढून खायला लागला. गौरीच्या दिवशी! सगळे तुटून पडले त्याच्यावर. मी नंतर माडीवर बोलावून घेतलं.

दडवादडवी केली नाही त्याने, त्याचं कौतुक वाटलं. त्याच्या "सरांनी" (जिमचा मालक. सर म्हणे! आम्ही सर-बाई व्हायला बी.एड. केलं) चार महिने बोल्डेनोन दिलं होतं. काही त्रास झाला नाही. आता स्पर्धेआधी गोळी सुरू करायची, डी-बॉल.

"आत्याआजी, ते त्याचं भावंडच आहे. नेटवर बघ. आणि सर स्वतः बारा वर्षं घेतायत. साधी शिंक नाही आली त्यांना."

"तुझ्या सरांचे वडील आहेत का रे?"

"आहेत की. ऐंशीच्या वर असतील. अजून रानात जातात."

"आणि तुझे आजोबा?"

तो गप्प बसला. त्याने आजोबा बघितलेलेच नाहीत. माझा भाऊ एक्कावन्नाव्या वर्षी सकाळी दूध आणायला म्हणून गेला आणि दुकानाच्या पायरीवर बसला तो उठलाच नाही. त्या मुलाच्या वडिलांना पंचेचाळिशीत दोन स्टेंट घातलेत. आणि या मुलाला सांगतंय कोण, तर ज्याच्या घरात हृदयविकार हा शब्दच नाही असा माणूस. त्याच्या शरीराने बारा वर्षं सोसलं ते त्याचं. त्याच्या वडिलांची धमन्यांची पुण्याई आमच्या पोराला कुठून मिळणार?

मी त्याला घाबरवलं नाही. आकडे सांगितले. २०१७ साली अमेरिकेत १४० वजन उचलणाऱ्या पुरुषांची हृदयं तपासली. ८६ जण वर्षानुवर्षं स्टेरॉईड घेतलेले, ५४ न घेतलेले. दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं हे मोजतात. न घेणाऱ्यांचं सरासरी ६३ टक्के, घेणाऱ्यांचं ५२. त्यातही तेव्हा औषध चालू असलेल्यांचं ४९ आणि थांबवलेल्यांचं ५८. ही सरासरी आहे, हेही सांगितलं. काहींचं हृदय छान असणार. तू कुठल्या बाजूला हे मला माहीत नाही, तुझ्या सरांना माहीत नाही, तुलाही माहीत नाही. आणि आधीचं भावंड तुला सोसलं यावरून हे सोसेल असं होत नाही. ते सुईने गेलं, हे यकृतातून जाणार.

तो म्हणाला, "पण फायदा तर होतो ना?" होतो. हे नाकारणारे लोक मला आवडत नाहीत. भारतीय वंशाचे डॉ. शलेंदर भसीन यांनी १९९६ मध्ये लॉस एंजेलिसला ४३ पुरुषांवर प्रयोग केला, दहा आठवडे, आठवड्याला ६०० मिलिग्रॅम. व्यायाम आणि औषध दोन्ही घेणाऱ्यांचं चरबी सोडून वजन सरासरी ६ किलोने वाढलं. नुसतं औषध, व्यायाम नाही, त्यांचं ३ किलोहून थोडं जास्त. नुसता व्यायाम आणि खोटं इंजेक्शन, त्यांचं सुमारे २. "म्हणजे बसून घेणारा माझ्यापेक्षा पुढे?" असं म्हणून तो इतका चिडला की मला हसू आलं. हे त्याला लागलं. आजोबांपेक्षाही हे जास्त लागलं असावं, बावीस वर्षांचंच पोर शेवटी.

कुणी म्हणेल, सज्ञान आहे, त्याचं शरीर, त्याची मर्जी. मलाही जबरदस्ती आवडत नाही. पण मर्जी म्हणायला आधी कळायला तर हवं ना, कशाला हो म्हणतोय ते? पूर्व जर्मनीत १९७४ पासून सरकारी योजना आखून खेळाडूंना निळ्या गोळ्या देत होते, ओरल-टुरिनाबोल. आपल्या या मेथँडिएनोनवरच एक क्लोरीन बसवलेला. कितीतरी मुलींना जीवनसत्त्व म्हणून दिल्या. गोळाफेकीत १९८६ ची युरोपची विजेती हायडी क्रिगर, सोळाव्या वर्षापासून घेत होती. १९९७ मध्ये शस्त्रक्रिया करून घेऊन ती आंद्रेआस क्रिगर झाली. आपण कोण हे स्वतःचं स्वतः शोधायची संधीच दिली गेली नाही, असं क्रिगर यांनी पुढे सांगितलंय. २००० साली तिथल्या क्रीडाप्रमुखाला आणि डॉक्टरला न्यायालयाने दोषी ठरवलं. तिथे राज्य खोटं बोललं. इथे लेबल खोटं बोलतं, कारण चोरट्या बाजारातल्या बाटल्या तपासल्या की वर एक नाव आणि आत दुसरंच औषध असं पुन्हा पुन्हा आढळलंय. आपल्याकडे ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. कराडच्या पोराला ती बुलेटच्या डिकीतून मिळाली.

आणि "आमच्या वेळी तालमीत सगळं शुद्ध तुपाचं" हे उसासेही पुरे. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर तीन वेळच्या महाराष्ट्र केसरीच्या नमुन्यात मेथँडिएनोनच सापडलं. जेवणात कुणीतरी मिसळलं असं त्यांचं म्हणणं होतं, देशातल्या संस्थेने ते मानलंही, पण क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. खरं काय ते त्यांना ठाऊक. मला एवढंच दिसतं की हा पदार्थ मातीच्या आखाड्यापासून फार लांब नाही. २०२२ साली उत्तेजकविरोधी कायदा झाला, पण तो स्पर्धेतल्या खेळाडूंचा. आरशासमोर उभ्या असलेल्या पोरांना विचारायला कुणीच नाही.

घरच्यांना मात्र विचारायला हवं, आणि विचारून झाल्यावर ओरडायचं नाही हे जास्त कठीण. बंद केलं की संपलं असंही नसतं. बाहेरून औषध येत असतं तोवर शरीराचा स्वतःचा कारखाना बंद पडतो. तो पुन्हा सुरू व्हायला कुणाला काही महिने लागतात, कुणाला वर्ष होऊनही पुरता होत नाही. त्या काळात मुलगा खचतो, अंग उतरतं, आरशात बघवत नाही, कशात रस वाटत नाही, आणि मग पुन्हा सुईकडे जातो. त्याची आई म्हणत होती, "सोडलं ना एकदाचं, सुटलो." मी तिला म्हटलं, बाई गं, आता सहा महिने जास्त लक्ष दे.

त्याने गोळी सुरू केलेली नाही, निदान दिवाळीपर्यंत तरी. लिपिड आणि यकृताची तपासणी केली. एच.डी.एल. आला २९. औषध बंद करून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, त्यामुळे हा औषधाचा परिणाम की आजोबांचा वारसा हे सांगता येत नाही, असं भाची म्हणते. तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे. गावातल्या एका डॉक्टरांकडे तो खरं सांगायला गेला होता, त्यांनी पाच मिनिटं झापलं आणि हृदयाकडे न बघताच घरी पाठवलं. आता तो डॉक्टरांकडे जायचंच नाही म्हणतो.

तेव्हा सातारा, कराड, सांगली-मिरज भागात एखादे असे डॉक्टर कुणाला माहीत असतील, जे आधी ऐकून घेतात, मग इको करतात आणि झापायचंच असेल तर सगळ्यात शेवटी झापतात, तर मला जरूर कळवा. नातेवाईकांपैकी कुणी कळवणार असेल तर फोन मला करा, त्याच्या आजीला नको. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.